उतरवलेली नजर

अर्जावरची सही खोटी होती. ऋजुताला ते तत्काळ कळलं, कारण तिची नजर मुळात समोर बसलेल्या टिपणीसबाईंची होती. बँकेतून निवृत्त होताना सह्या ओळखण्याचं तेहेतीस वर्षांचं कसब बाईंनी प्रशिक्षण केंद्रात तिच्या मेंदूत उतरवून दिलं होतं. उतरवलेलं कसब देणाऱ्याकडे मात्र उरत नसे.

"माझीच सही आहे ना गं?" बाईंनी विचारलं. "लॉकर मंदारच्या नावावर करायला मीच सांगितलं म्हणतो. मला काही आठवत नाही."

त्यांचा मुलगा मंदार खुर्चीमागे लॉकरची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. "मॅडम, शिक्का मारताय ना?"

सहीतली वेलांटी खालून वर ओढलेली होती. लहानपणी मंदार तशीच काढायचा आणि बाई त्याला रागवायच्या, हेही कसबाबरोबर उतरल्यामुळे आता ऋजुताला आठवत होतं.

बाईंचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. अंगठा सहीवर घट्ट दाबलेला होता.

"असा अंगठा मी ठेवायचे," बाई हळूच म्हणाल्या. "फक्त खोट्या सहीवर."

मग मागे न बघताच त्यांनी हात पसरला.

"मंदार, किल्ली दे."