चौथी हाक

डॉक्टरांनी स्वमग्न थोरल्याच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. स्वमग्नतेची चाहूल इतक्या लवकर लागते का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. शंभरदा पाहिलेला तो व्हिडिओ आईनेच हौसेने आणून दिला होता. पडद्यावर ती लाडाने हाका मारत होती आणि पोरगा आपला चमचा गरगर फिरवण्यात दंग होता. "साहेब कामात आहेत!" ती म्हणाली आणि घरभर हशा पिकला. डॉक्टरांनी कागदावर तीन रेघा ओढल्या. "तीन हाका मारल्यात तुम्ही. एकदाही वळून बघितलं नाही त्याने." आईला पडद्यावर स्वतःचंच हसू दिसलं. आपण तेव्हा पोट धरून हसत होतो! खाली सतरंजीवर एक वर्षाची धाकटी पाठमोरी बसून डब्याचं झाकण फिरवत होती. "आता हिला हाक मारा बघू," डॉक्टर म्हणाल्या. आईने त्या फिरत्या झाकणाकडे पाहिलं. "नको," ती पुटपुटली, "बाईसाहेब कामात आहेत."