मध्ये खांब नसलेली गाडी

“रंग चुकलाय,” आजोबा म्हणाले. “छप्पर पांढरंशुभ्र नको, सायीच्या रंगाचं कर. खालचं अंग फिकट हिरवं. आणि छपरावरची ती सामानाची जाळी आधी काढ बरं. आमच्या हिला असलं लटांबर मुळीच खपायचं नाही.”

फोटोवाल्याने जाळी पुसून टाकली. आजोबांची ही तिसरी खेप, आणि दर खेपेला गाडी थोडी थोडी बदलत होती. ते कॉम्प्युटरला नाक लावून बसत, त्यामुळे फोटोवाल्याला गाडी कमी आणि आजोबांचं टक्कलच जास्त दिसे.

फाटके, डागाळलेले जुने फोटो नवे करून देणं हा त्याचा धंदा. ही गाडी मात्र रिकामपणचा उद्योग होता. फार वर्षांपूर्वी एका कंपनीने एक लांबलचक मोटार काढली होती. तिच्या पुढच्या-मागच्या दारांच्या मध्ये खांबच नव्हता. चारही काचा खाली केल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मोकळं. त्याच कंपनीची स्टेशन वॅगनही होती, मागे ऐसपैस जागा असलेली, पण तिला खांब. या दोघींचं लग्न कंपनीने कधी लावलं नाही, म्हणून फोटोवाल्याने ते कॉम्प्युटरवर लावलं आणि कारागिरीचा नमुना म्हणून दुकानाच्या काचेत ठेवलं.

आणि लोक तरी काय एकेक! “अगदी अशीच आमच्या काकांकडे होती,” असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटले. एकाच्या काकांनी तर म्हणे पेट्रोल परवडेना म्हणून विकून टाकली. जी गाडी झालीच नाही ती विकणारे काका ऐकून फोटोवाल्याची बायको टेबलामागे हसून हसून लोळली होती.

आजोबा त्यांच्यातलेच. पण त्यांना हसावंसं दोघांनाही वाटेना. काचेतला फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते भर रस्त्यात असे उभे राहिले होते, की मागचा सायकलवाला शिव्या देऊन गेला तरी त्यांना पत्ता नव्हता.

“तुम्ही चालवायचात का हो ही?” फोटोवाल्याने विचारलं.

“छे! मी आपला शेजारी बसणारा. पण आमच्या घरातून ही गाडी कधी गेली नाही बघ. जेवताना हीच, भांडताना हीच. मागचं दार खाली पडतं ना, त्यावर पाय सोडून बसायचं, डबा उघडायचा. मुली दमल्या की मागे आडव्या.”

“मग विकलीत कधी?”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “मागच्या काचेचा कोपरा अजून जरा तिरपा घे,” ते म्हणाले. “नाहीतर आमच्या हिला लगेच कळेल.”

फोटोवाल्याने कोपरा तिरपा केला. खरं तर आता गाडी आधीपेक्षा देखणी दिसत होती. म्हातारपणी माणसाचं डोकं काय काय जुळवतं, असं त्याच्या मनात आलं आणि आजोबांबद्दल त्याला माया दाटून आली. या तीन खेपांत त्याला त्यांचा लळाच लागला होता.

“रविवारी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस,” आजोबा उठता उठता म्हणाले. “मुली, जावई, नातवंडं, झाडून सगळी येणार. सगळ्यांसमोर फोटो उघडायचा आणि बैठकीत लावायचा. आमचा धाकटा जावई जुन्या गाड्यांचा मोठा दर्दी आहे. बघशील, वेडा होईल तो!”

फोटोवाल्याच्या डोळ्यांसमोर तो रविवार उभा राहिला. दर्दी माणूस ही जोडलेली गाडी पाहिल्याबरोबर ओळखणार, आणि ओळखून गप्प बसला तर तो जावई कसला! भरल्या घरात, बायकोच्या वाढदिवशी, नातवंडांसमोर म्हाताऱ्याचं हसं होणार.

“ऑर्डर नाकारू का?” आजोबा गेल्यावर त्याने बायकोला विचारलं.

“नाकारून काय होणार? दुसरीकडून करून घेतील,” ती म्हणाली. “स्पष्ट सांगा. जावयाने चारचौघांत सांगण्यापेक्षा तुम्ही इथे दाराआड सांगितलेलं बरं.”

“त्यांना किती लागेल गं.”

“लागेल. म्हणून तर आपल्या माणसाने सांगायचं.”

शनिवारी आजोबा आले, ते इस्त्रीचा शर्ट घालून. फ्रेम तयार होती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ दारांवरून, छपरावरून बोट फिरवत राहिले. फोटोवाल्याच्या बायकोने न विचारताच चहा पुढे ठेवला आणि नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

फोटोवाल्याने स्टूल ओढलं आणि आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आजोबा, रागावू नका. हा फोटो खरा नाही. दोन वेगळ्या गाड्या मी जोडल्यात. अशी गाडी कधी झालीच नाही हो. कंपनीने एकसुद्धा काढली नाही. तुमच्या आठवणीत असेल ती दुसरी कुठलीतरी. उद्या कुणी सगळ्यांदेखत काही बोललं, तर तुमचा अपमान मला बघवणार नाही.”

आजोबांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. मग गुडघ्यावरच्या त्या हातावर थोपटलं.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “त्या कंपनीच्या कारखान्यात नव्या गाड्यांचे नकाशे पास-नापास करायला मीच बसायचो. ‘असली गाडी घेणार कोण?’ म्हणत या गाडीचा नकाशा मीच परत पाठवला. तो काढणारी पोरगी अशी काही रुसली, की रुसवा काढता काढता आमचं लग्न झालं. रुसवा तेवढा अजून निघायचाय.”