लाल चिंधी

बोअरचं पाणी आटलं आणि टँकर आठवड्यातून एकदाच येऊ लागला, तेव्हा जिंतूरची बाग सांभाळणाऱ्या मंडळाने ठरवलं की साठातली तीसच झाडं जगवायची. उरलेल्यांना लाल चिंधी बांधायची, म्हणजे पाणी घालणारा चुकणार नाही. चिंध्या बांधायचं काम वैष्णवीकडे आलं.

शेवटच्या ओळीत मंडळाची जुनी सभासद कोंडाबाई जांभळाचं खोड दोन्ही हातांनी धरून उभी होती. मुलाच्या, रामप्रसादच्या वर्षश्राद्धाला तिनेच ते लावलं होतं.

"सरा बाजूला, मावशी. तुमच्यासमोरच ठरलं ना?"

"ठरलं. पर ह्याला न्हाई बांधू द्यायची."

वैष्णवीने नखाने साल खरवडली. आत हिरवं कुठेच नव्हतं.

"बघा, वाळलंय. ह्याला घातलेलं पाणी वाया जायलंय. तेवढ्यात दुसरं एखादं जगंल."

कोंडाबाईने सालीकडे पाहिलंच नाही.

"दवाखान्यात डॉक्टरबी आसंच म्हणले व्हते, माय. खाट दुसऱ्याला लागायली, ह्याला घरी घेऊन जा म्हणले. तवा मी आयकलं."