समोरची फळी

कव्हरला तडा न जाता भोक पडलं, तेव्हा सितारामने श्वास सोडला. होडीचं मशीन जुनं होतं. त्याचं कव्हर आता कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. त्याने भोकातून रबरी नळी ओवली, आतून बसवून क्लिप आवळली आणि तिचं दुसरं टोक पुढे आणून हँडलच्या बाजूला, स्वतःच्या गुडघ्याजवळ, होडीच्या काठाला तारेने बांधलं.

"झालं," तो म्हणाला. "आता पानी माज्या डोल्यासमोर पडंल."

दिवाळे गावच्या जेट्टीवर त्याची मुलगी नमिता हात बांधून उभी होती. खारघरहून ती सुट्टी टाकून आली होती.

हे मशीन खाडीचं पाणी खालून ओढून घेई, त्यावर थंड राही आणि वापरलेलं पाणी मागच्या बाजूने बारीक धार करून टाकून देई. धार पडते तोवर काळजी नसे. धार थांबली की समजायचं, खाली तोंडाशी काहीतरी अडकलंय. मशीन लगेच बंद केलं नाही तर जळणार. पण हँडल धरून बसणाऱ्याची पाठ मशीनकडे असते. त्याला धार दिसत नाही.

ते काम राहीबाईचं होतं. लग्न होऊन आली, त्याच्याबरोबर खाडीत यायला लागली, तेव्हापासून ती मधल्या फळीवर त्याच्याकडे तोंड करून बसायची. मांडीवर जाळं, हातात सुई.

"पानी?" तो विचारायचा.

"पडतंय," ती म्हणायची.

कधी कधी तो काही विचारायच्या आत तीच म्हणायची, "बंद करा." तो बंद करायचा, मशीन वर घ्यायचा, आणि खाली प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असायची. राहीबाई एकदाही चुकली नाही. बायकोच्या नजरेचं कौतुक त्याने अख्ख्या कोळीवाड्याला सांगितलं होतं. तो स्वतः त्या फळीवर कधी बसला नाही. त्याची जागा मशीनजवळ.

पावसाळ्यात राहीबाई गेली. नारळी पौर्णिमा झाल्यावर सिताराम एकटाच खाडीत गेला. अर्ध्या वाटेत मशीनचा आवाज बदलल्यासारखा वाटला. पण समोरून कोणी काही बोललं नाही, म्हणून तो चालवत राहिला. मशीन तापून बंद पडलं. शेजारच्या भगवानने आपल्या होडीला दोर बांधून त्याला ओढत आणलं.

"दादा, लोक गाडीला टोचन लावतात," भगवान जेट्टीवर सगळ्यांदेखत म्हणाला. "तुला आता घरातनंच लावून आनाया पायजे."

लोक हसले. सितारामही हसला. घरी गेल्यावर त्याने भात टाकला आणि तो खाल्लाच नाही.

मशीन दुरुस्त झालं. पण नमिताने धोशा लावला. होडी विका. एकट्याने खाडीत जायचं नाही. करंजा गावचा एक माणूस होडी घ्यायला तयारच होता.

"आन मी काय करू?"

"माझ्याकडे येऊन राहा."

"तुज्या अकराव्या माल्यावर? तिथं काय लिफ्टमधी जालं टाकू?"

शेवटी नळीची त्याची युक्ती तिने एका अटीवर मान्य केली. नळी बसवा, मला खाडीत नेऊन दाखवा. चालली तर होडी तुमची. नाही चालली तर रविवारी करंजावाल्याला बोलावते.

ती होडीत उतरली आणि आईच्या फळीवर बसली. बसायला दुसरी जागाच नव्हती. सितारामने तिच्याकडे पाहिलं आणि नळीकडे पाहिलं. दोरी ओढली. मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने गुडघ्याजवळ पाण्याची धार पडायला लागली.

"बग," तो म्हणाला.

"बघते," नमिता म्हणाली.

ओहोटी लागली होती. पाणी गढूळ होतं. सिताराम मधून मधून नळीकडे बघत होता. धार पडत होती. जाळी बांधायचे खुंट जवळ आले तशी त्याने नजर पुढे लावली.

"बाबा, बंद करा."

त्याने खाली पाहिलं. "पडतंय की."

"बंद करा म्हणते ना."

त्याच्या हाताने मशीन बंद करूनही टाकलं. इतकी वर्षं त्या हाताला हेच माहीत होतं. सगळं शांत झालं. होडी पाण्याबरोबर हळूहळू सरकायला लागली. सितारामने मशीन वर घेतलं. खाली, पाणी ओढायच्या तोंडावर, दुधाची पिशवी घट्ट चिकटली होती. नळीतून अजून पाणी गळत होतं. नळी लांब होती. तिच्या पोटात साठलेलं पाणीच तेवढं पडत होतं. मशीनमधून केव्हाच काही येत नव्हतं.

त्याने पिशवी काढून होडीत टाकली. मग वाकून नळीची तार सोडवायला लागला.

"ही नली उशिरा सांगनार," तो म्हणाला. "तवर मशीन जलंल. बोलाव तुज्या करंजावाल्याला. तुज्या आयसारखी नजर तुला हाय. मला नाय."

नमिता फळीवरून हलली नाही.

"कसली नजर, बाबा? नळीतनं पाणी तर मलाही पडतानाच दिसत होतं. आणि मशीनमागची धार इथनं दिसतच नाय. मधे तुमी बसलाय. आवाज बदलला तो तुमीच ऐकलात. तुमच्या कपाळाला आठी पडली, म्हणून मी बोलले. आईच्या जागेवरनं फक्त तुमी दिसता."