कंस बंद कोन करन?

"हे तू लिवलं?" श्यामने मोबाइल तुबासमोर धरला.

अकोल्याच्या बियाणे कंपनीचा मेल होता. त्या कंपनीच्या गोदामांमधल्या मालाची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये होती. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतील असा प्रोग्राम श्यामच्या अमरावतीतल्या छोट्या फर्मने करून दिला होता. प्रश्नाची वाक्यरचना चुकली की पडद्यावर निरोप यायचा. ते निरोप तुबाने लिहिले होते.

"मीच लिवलं. लोकायले समजन असं लिव, तुमीच म्हटलं होतं."

"समजन असं म्हटलं होतं. भांडन असं नाही." श्याम वाचू लागला. "‘कंस उघडला तं बंद कोन करन?’ ‘नुसताच हुकूम सोडून राहिला. कोनाले, ते सांग आंधी.’ हे काय निरोप झाले?"

"पहिल्यात कंस उघडाच राह्यला. दुसऱ्यात यादीचं नाव नव्हतं. काय चुकलं अन् कुठी चुकलं, दोन्ही सांगतलं मी."

मेलमध्ये आणखीही होतं. हे निरोप सुरू झाल्यापासून ऑफिसातल्या चुका कमी व्हायच्या सोडून चौपट झाल्या होत्या. अपमान झाल्यामुळे कर्मचारी गोंधळतात, असं मॅनेजरचं म्हणणं होतं. निरोप बदला, नाहीतर करार संपला.

‘चौपट’ हा शब्द तुबाला झोंबला. भाषेला नावं ठेवली असती तर तिने सोसलं असतं. कॉलेजात असताना मशीन तिला फक्त ‘सिंटॅक्स एरर’ एवढंच सांगायचं. कुठे, काय, पत्ता नाही. त्या दोन शब्दांपायी ती लॅबमध्ये रडली होती. आपलं मशीन असं मुकं नसेल, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला निघाले.

"तिथं गेल्यावर गुमान माफी मांगजो," श्याम म्हणाला.

"चुका त्यायच्या अन् माफी माही?"

ती खिडकीकडे तोंड करून बसली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. टोकाला मॅनेजरची काचेची केबिन, तिचं दार उघडं. मॅनेजर शुभम साहेब पुण्याहून बदलून आलेले. दोघं पोचले तेव्हा ते एका वयस्क कारकून बाईवर ओरडत होते.

"भागीरथाबाई, केस पांढरे झाले तुमचे, एक साधा रिपोर्ट काढता येत नाही?"

साहेबांनी कोणता रिपोर्ट, कधीचा, काहीच सांगितलं नव्हतं. भागीरथाबाई खाली मान घालून जागेवर आल्या. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "अर्धवट सांगतं, अन् उत्तर पुरं मांगतं!"

पलीकडच्या टेबलावरून देवीदास वाचू लागला, "नुसताच हुकूम सोडून राहिला! कोनाले, ते सांग आंधी!"

"ऐकलंत?" साहेब श्यामला म्हणाले. "दिवसभर हेच. मशीन उद्धट बोलतं आणि ही माणसं बिचारी निमूट वाचतात."

तुबा भागीरथाबाईंच्या टेबलाशी गेली. "मावशी, इथं स्वल्पविराम..." तिने बोट उचलायच्या आत त्यांनी तो टाकलाही होता.

"साहेब, ह्यायले मी शिकवते," तुबा म्हणाली. "मंग चुका होनार नाहीत."

"शिकवायचं काही नाही. ही गावठी भाषा काढा. शिकलेल्या माणसाने लिहिलंय असं वाटतच नाही."

तुबाचे कान तापले. "माही अम्मी असंच बोलते, साहेब. पन कुठी चुकलं ते सांगते. तुमी तं नुसते वरडता."

खोलीतले कीबोर्ड थांबले. श्यामने तिचा दंड धरला.

"आत्ता बदला. माझ्यासमोर," साहेब म्हणाले. "नाहीतर उद्यापासून तुमची फर्म बंद इथे."

"तुबा," श्याम हळूच म्हणाला, "ह्या एका कामावर चालून राहिली आपली फर्म. तुही नोकरीबी."

ती बसली. बटणं ठोकत एकेक निरोप पुसत गेली. कंस राहिला, नाव राहिलं, स्वल्पविराम सुटला, सगळ्यांना आता एकच उत्तर: ‘कृपया वाक्यरचना तपासावी.’ कुठे, काय, पत्ता नाही.

देवीदासने करून पाहिलं. "कृपया वाक्यरचना तपासावी," त्याने वाचलं आणि तो गप्पच झाला. मग कोणीच काही वाचलं नाही. एकही चूक झाली नाही.

"बघा, किती शांत वाटतंय," साहेब म्हणाले.

तुबा तडक बाहेर पडली. जिन्यात मागून धापा टाकत भागीरथाबाई आल्या. ती थांबली. राग साहेबांवर होता, या बाईवर नव्हता.

"मावशी, माफ करा. माह्या मशीननं तुमाले लय वाईटसाईट बोललं."

"मले कुठी बोललं वं ते?" भागीरथाबाई तिच्यावरच भडकल्या. "आमीच बोलत होतो साहेबाले. मुद्दाम चुकत होतो अन् त्याच्या दाराकडं तोंड करून वाचत होतो. आता काय म्हनाव आमी त्याले? कृपया?"