फुलीखालची सही

कोणीतरी मतपत्रिकेवर सही केली होती.

निवडणूक अधिकारी ऑर्डिशबाईंनी ती टेबलावर ठेवली आणि दोन्ही उमेदवारांना जवळ बोलावलं. कोल्डब्रुक गावच्या परिषदेच्या पोटनिवडणुकीची मतं पुन्हा पुन्हा मोजून झाली होती, आणि दर वेळी दोघांना सारखीच पडत होती. उरलं होतं ते हे एकच मत. फुली ग्लेनिस प्रीसच्या नावासमोर होती, कागद फाटेल इतकी दाबून मारलेली. तिच्या खाली शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं : विल्फ प्रॉबर्ट.

ग्लेनिसनं चटकन त्या नावावर हात ठेवला. उगाच ठेवला. क्रॉडर आधीच वाकून वाचून मोकळा झाला होता.

हा क्रॉडर गावच्या जमीनदारांच्या इस्टेटीचा कारभारी. तिच्याविरुद्ध उभा असलेला जाइल्स फेन्टन इस्टेटीच्या मालकांचा जावई, त्यामुळे त्याचा प्रचारही कारभाऱ्यानंच सांभाळलेला. ओढ्याकाठच्या घरांची अख्खी ओळ इस्टेटीची. ती पाडून तिथं सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांसाठी बंगले बांधायचे, असा प्रस्ताव परिषदेपुढे होता. शाळेची बस चालवणारी ग्लेनिस निवडणुकीला उभी राहिली ती तेवढं अडवायला. आणि म्हातारा विल्फ त्याच ओळीत जन्मला, त्याच ओळीत म्हातारा झाला.

"बाई, हात काढा," ऑर्डिशबाई म्हणाल्या. "मत बाद. मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं चालत नाही. आणि हे नाव या टेबलाबाहेर जाता कामा नये. क्रॉडरसाहेब, तुम्हालाही सांगतेय."

"जाऊ द्या की!" मागून आवाज आला. "त्यासाठीच तर लिहिलंय."

विल्फच तो. इतर गावकऱ्यांबरोबर मोजणी बघायला आलेला, लग्नकार्यात घालायचा कोट घालून.

ग्लेनिसचं डोकंच फिरलं. "अहो विल्फ, काय करून बसलात हे! नुसती फुली मारायची होती. नुसती फुली! जिंकले होते मी. तुमचं घर वाचलं होतं!"

विल्फचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"सही केली की बाद होतं?"

"भिंतीवर एवढी मोठी सूचना लावलेली असते!"

"मी कशाला सूचना वाचतोय? जन्मभर इस्टेटीच्या गाडीत बसून मत द्यायला गेलो. दारात ह्या क्रॉडरचा बाप उभा असायचा, मग हा. आत जाऊन यांच्याविरुद्ध फुली मारायची आणि बाहेर येऊन म्हणायचं, दिलं हो साहेब, तुम्हालाच. वर यांच्याच सफरचंदांची फुकटची दारू प्यायची. घरी गेलं की बायकोला तोंड दाखवायची लाज वाटायची. यंदा म्हटलं, बास झालं. कुणी दिलं ते कळू दे एकदा."

"कळलं," क्रॉडर म्हणाला. "चांगलंच कळलं."

बरोबरी झाली की चिठ्ठी काढायची, हा कायदा. ऑर्डिशबाईंनी दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, मान फिरवून हात घातला आणि एक उघडून वाचली. जाइल्स फेन्टन.

काय नशीब बघा! एवढं गावभर फिरून, दारोदारच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकून शेवटी काय, तर बिस्किटांचा डबा. ग्लेनिसला रडू आलं. पण क्रॉडरपुढे रडेल ती कसली! तिनं जाइल्सचा हात हातात घेऊन चांगला दाबला. तो कळवळला.

रिवाजाप्रमाणे जाइल्सनं चार शब्द बोलून आभार मानले. ऑर्डिशबाईंचे मानले, मोजणाऱ्यांचे मानले. "आणि इस्टेटीतलं एकूण एक कुटुंब माझ्या पाठीशी उभं राहिलं," तो म्हणाला.

"एक सोडून!" विल्फ ओरडला. हसावं की नाही ते कुणाला कळेना. चहाच्या किटलीपाशी एक बाई मात्र खुदकन हसली.

दारात क्रॉडरनं विल्फला गाठलं. "प्रॉबर्ट, सोमवारी ऑफिसात येऊन जा. तुझ्या घराच्या कराराचं जरा बोलायचंय."

"सोमवारी मला सवड नाही," विल्फ म्हणाला. "तुम्हीच या. घर माहितीये ना? पाडायला काढलंय ते."

बाहेर ग्लेनिस गाडीत बसली होती, दार उघडं टाकून, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मागच्या सीटवर तिच्या फोटोच्या पत्रकांचा गठ्ठा तसाच पडला होता. गावातल्या लोकांनी ती आपापल्या खिडक्यांना लावली होती, पण ओढ्याकाठच्या एकाही घरानं घ्यायची हिंमत केली नव्हती. विल्फनंही नाही.

तो आला आणि उघड्या दाराशी उभा राहिला.

"माझ्यामुळे हरलीस पोरी," तो म्हणाला. "ते कळतंय मला."

"कळून काय उपयोग?" ती डोकं न उचलताच म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही.

"ते एक पत्रक दे इकडे."

"आता? अहो, निवडणूक संपली."

"त्यांची संपली असेल. दे."

तिनं मागे हात घालून एक ओढून काढलं आणि त्याला दिलं. त्यानं ते कोटाच्या बाहीनं पुसलं, काचेवर कसं दिसेल ते हात लांब करून पाहिलं.

"अजून एक दे," तो म्हणाला. "माझी मालकांच्या फाटकासमोरची खिडकीही मोकळीच आहे."