बुरशीबाईंचा एकच प्रश्न

माशी आत आली तेव्हा बुरशीबाईंनी चष्मा पुसायला काढला. तेवढंच तिच्याकडे बघून हसावं लागणार नाही.

“नमस्कार मॅडम,” माशी त्यांना म्हणाली. एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघी शिकल्या होत्या. एकीला मधमाश्यांचं वेड, दुसरीला बुरशीचं. नावं तेव्हाच पडली आणि चिकटली ती चिकटलीच. तरी ‘मॅडम’ ऐकून बाईंना बरं वाटलं. आज माशी अनुदान मागायला आली होती आणि त्या समितीत होत्या, देणाऱ्यांच्या बाजूला.

दोन देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून काम करावं म्हणून हे अनुदान होतं. मधमाश्यांची पोळी का मरताहेत ते माशीला शोधायचं होतं. आणि परदेशातली जोडीदार संस्था कुठली? तर जगभरातल्या बुरश्या जिथे काचेच्या नळ्यांत जपून ठेवल्या आहेत, नेमकी तीच. तिथे काम करायचं स्वप्न बुरशीबाईंनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांचे स्वतःचे अर्ज एकजात परत आले होते. निवृत्ती तोंडावर आली होती. आणि आता तिथे ही जाणार! माश्या मारत बसणाऱ्या बाईला बुरश्यांच्या घरात काय काम? बातमी कानावर आली त्या दिवशी त्यांनी आपले परत आलेले अर्ज पुन्हा काढून वाचले.

पुढे माशीचे फोन येऊ लागले. बाईंनी एकही उचलला नाही. मिरवायलाच करत असणार, दुसरं काय! मग समितीतले एक जण आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी आपण होऊन कार्यालयाला फोन केला, “मी येते.”

“अर्जदारांत कुणी जवळचं?” तिकडून विचारणा झाली.

“छे, कुणी नाही.” आपण खोटं बोलतोय असं त्यांना जराही वाटलं नाही.

माशी बोलली मात्र छान. ओस पडलेल्या पोळ्यांचे फोटो तिने दाखवले. अध्यक्षांनी मान डोलावली की इकडे बाईंचा नुसता जळफळाट होई.

“माझा एकच प्रश्न आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. तो त्यांनी घरूनच घोटून आणला होता. “माश्या बुरशीने मरतात असा तुमचा संशय. मग तुमच्या गटात बुरशी ओळखणारं एकही माणूस नाही, ते कसं? तिथे जाऊन तुम्ही काय नळ्यांवरची धूळ पुसणार?”

कुणीतरी हसलं. माशी अध्यक्षांकडे बघत राहिली. बुडाली, बाईंच्या मनात आलं. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

अध्यक्ष खाकरले. “याचं उत्तर मीच देतो. अर्जात बुरशीचं माणूस होतं. तिथल्या कामाची निम्मी जबाबदारी त्याच्यावर होती. फक्त संमती तेवढी यायची होती. पण समितीवर बसणाऱ्याला अनुदानात घेता येत नाही, नियम आहे. तुम्ही इथे येते म्हणालात, अर्जदारांत जवळचं कुणी नाही म्हणालात, आणि आम्ही यांना तुमचं नाव काढायला लावलं.”

बाईंनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी तो पुसायचं त्यांना सुचलं नाही.

माशी ‘मॅडम’ विसरून गेली. “त्यासाठीच तर फोन करत होते गं तुला.”